एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहिलो आणि तोंडावर पडलो. तुम्ही वर्षभरात काय शिकलात?

अंबड_व्हीएमसी
नमस्कार मंडळी. मार्च एंडचं बिलिंग उरकलं आणि काल रात्री शॉपवर एकटाच बसून वर्षाचा हिशोब लिहायला घेतला, तर आकडे राहिले बाजूला आणि भलतंच काय काय लिहून झालं, म्हणून म्हटलं इथे टाकू.

माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं जॉबवर्क आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग (तसंच लेथ), माझ्यासकट पाच जण. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ७० टक्के काम एकाच कंपनीचं होतं (नाव सांगणार नाही, विचारू पण नका). बरं वाटायचं. त्याच त्याच ड्रॉइंग, एकच क्वालिटीवाला, तो चहात साखर किती घेतो ते पण पाठ. आणि त्यांच्याच भरवशावर दुसरी व्हीएमसी लोनवर घेतली. मग जूनपासून ६० दिवसांचं पेमेंट ९० वर गेलं, ९० चं १२० झालं आणि दिवाळीच्या तोंडावर परचेसवाले साहेब म्हणाले "वरून होल्ड आहे". साडेअकरा लाख अडकले. इकडे बिल काढलं की जीएसटी २० तारखेला भरायचाच, तुमचे पैसे आले का नाही ते कोणी विचारत नाही. बँकेचा हप्ता ५ ला, पगार ७ ला. बोनसचं तर काढूच नका.

आता खरी गोष्ट. हे मी बायकोला चार महिने सांगितलंच नाही. रोज घरी जाऊन "काम जोरात चाललंय". खोटं पण नव्हतं, काम जोरातच होतं, पैसे नव्हते. पोरीच्या शाळेच्या फीचा मेसेज तिसऱ्यांदा आला तेव्हा तिला कळलं. मला वाटलं आता घरात महाभारत. तर ती म्हणाली, वही आण. रात्री दीडपर्यंत बसून तिने कोणाकडून किती येणं आणि किती दिवस झाले असं सगळं ओळीने लिहून काढलं आणि त्यात निघालं की तीन छोट्या गिऱ्हाइकांकडे मिळून १ लाख ८० हजार नुसते पडून आहेत, कारण मी मागितलेच नव्हते! फोन करायची लाज वाटायची मला, ओळखीतले लोक, रोज टपरीवर भेटतात, कसं मागायचं. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांना फोन लावले, "अकाउंट्समधून बोलतेय" म्हणून. आठवड्यात दीड लाख जमा. मी आठ वर्षं धंदा करतोय आणि माझ्या शॉपला अकाउंट्स डिपार्टमेंट आहे हे मला तेव्हा कळलं.

मोठ्याचे अजून ४ लाख बाकी आहेत. आणि आता तेच साहेब नवीन पीओ (खरेदीची ऑर्डर) घेऊन आलेत, मोठा लॉट आहे. घ्यावा का? आणि तुमचं पण सांगा, धंद्याचं असो की घरचं, वर्षभरात काय धडा मिळाला.

सिडको_बॉय
नको घेऊ भाऊ. विषय संपला.

वहीखाते
आधी हे सांगा, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? आणि असेल तर बिलावर नंबर छापलाय का? निम्म्या लोकांचं सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून टांगलेलं असतं आणि बिलावर काही नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि काहीच लेखी नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे. म्हणजे तुमचं ते ६० दिवसांचं ठरवलेलं मुळातच कायद्यात बसत नव्हतं. पण या कायद्याला दात फुटले ते २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून, ज्याला सगळे ४३बी(एच) म्हणतात त्या इन्कम टॅक्सच्या नियमाने. मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, देतील त्या वर्षी धरायचा. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना अचानक तुमची माया येते. (हे मालाची नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला लागू नाही, तुम्ही जॉबवर्कवाले, तुम्हाला आहे.) शिवाय बिलाला १८० दिवस होऊन गेले आणि पैसे दिले नाहीत तर त्यांनी तुमच्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (वजावट) पण त्यांना उलटवावं लागतं.

उशिरा पेमेंटसाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार टाकता येते, व्याज बँक रेटच्या तिप्पट आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण तक्रार टाकली की गिऱ्हाईक बहुतेक गेलंच समजा, त्यामुळे मी लोकांना आधी एक साधं सभ्य पत्र पाठवायला सांगतो, बिलांची यादी, तारखा, उद्यम नंबर, खाली सही. धमकी नाही काही नाही. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. आणि कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्यांना ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर रजिस्टर करणं बंधनकारक आहे, त्यांनी तिथे तुमचं बिल मंजूर केलं की बँक थोडं कापून लगेच पैसे देते. विचारून बघा, साहेब कसे चुळबुळ करतात ते पण कळेल.

माझा धडा विचाराल तर, दुसऱ्यांच्या रिटर्नच्या तारखा सांभाळता सांभाळता स्वतःची शुगर तीन वर्षं तपासली नाही. डिसेंबरात तपासली, २८० आली. आता सकाळी गोदापार्कला चालायला येतो, कोणी असाल तिकडे तर हाक मारा, पण टॅक्सचं काही विचारू नका.

गोडीछाटणी
दादा तुमचं वाचून माझीच गोष्ट वाटली, फक्त मशीनच्या जागी द्राक्ष.

आम्ही दिंडोरीकडचे. मागच्या वर्षी मेमध्येच पाऊस लागला, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीला ऊन पाहिजे, तेव्हाच काडीत घड तयार होतो, ऊनच नाही म्हटल्यावर ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची) करून बघतो तर निम्म्या काड्या नुसत्या पाल्याच्या. असो, निसर्गावर रुसून काय उपयोग. पण त्याच्या आधीच्या सीझनला माल भरपूर होता तेव्हाचं नुकसान मी माझ्या हाताने केलंय. व्यापारी बांधावर आला, गोड बोलला, दुसऱ्यांपेक्षा किलोला ३ रुपये जास्त देतो म्हणाला, ९ टन माल गेला आणि हातात चेक. चेक बाऊन्स. फोन केला की "दोन दिवस थांबा भाऊ", आणि आपण थांबतोय. बाऊन्सचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते हे वकिलाकडे गेल्यावर कळलं आणि गेलो तो पंचेचाळिसाव्या दिवशी. तोपर्यंत चेकची तीन महिन्यांची मुदत पण संपलेली, म्हणजे परत लावायची सोय नाही. वकील काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. आता दिवाणी दावा आहे, तारखा चालू.

म्हणून या वर्षी नियम केला, पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजल्याशिवाय गाडी बांधावरून हलणार नाही. दोघे व्यापारी रागावून गेले. तिसऱ्याने घेतला, भाव २ रुपये कमी. वडील म्हणाले २ रुपये सोडले का, मी म्हटलं अण्णा, मागच्या वेळी ३ जास्त घेऊन किती आले? ते उठून गोठ्याकडे गेले.

तुमच्यासाठी सांगायचं तर, मागचे ४ लाख आले की मग पीओ. उलट करू नका.

डबेवाली_ताई
माझा धंदा तुमच्यापेक्षा खूप छोटा आहे पण लाजेचं वाचून राहवलं नाही.

गंगापूर रोडला डबे देते, ४० आहेत, जास्त करून कॉलेजची मुलं आणि नोकरीवाले. तीन वर्षं ७० रुपयेच भाव ठेवला होता, तेल वाढलं, सिलिंडर आहेच, पण वाढवायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, मुलं काय म्हणतील, सोडून गेली तर. माझ्या भाच्याने एकदा कागदावर मांडायला लावलं, त्यात भाजी, कणीक, गॅस, पोरगा डबे पोचवतो त्याचं पेट्रोल, सगळं लिहिलं आणि तो म्हणाला मावशी तुझा पगार कुठे लिहिलास? पहाटे पाचला उठते ते कशाबद्दल? मी म्हटलं घरचंच तर काम आहे. तर तो हसायलाच लागला.

८५ केले. रात्री ग्रुपवर मेसेज टाकला आणि फोन बंद करून झोपले, खोटं नाही सांगत, घाबरून. सकाळी उघडला तर तीन जणांनी बंद केला, बाकीच्यांनी "ओके काकू". एकाने तर लिहिलं, काकू मला वाटलं गेल्याच वर्षी वाढवाल. म्हणजे बघा! आता रविवारी सुट्टी पण घेते. त्यावर मात्र सासूबाई अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं लक्ष्मीला सुट्टी नसते, मी म्हणते माझ्या गुडघ्याला असते.

आणि दादा, वहिनींना महिन्याचा पगार चालू करा. फुकट अकाउंट्स डिपार्टमेंट किती दिवस चालवणार?

नाशिकरोडचे_काका
डबेवाल्या ताईंना अनुमोदन. मी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालो, आयुष्यभर पैसा डोळ्यासमोर छापला गेला आणि घरात मात्र पैशाचं एक अक्षर मी हिला सांगितलं नाही, पुरुषाने सांगायचं नसतं अशी आमची समजूत. मागच्या श्रावणात माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हिला कोणत्या बँकेत काय आहे ते माहीत नव्हतं, मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे ते माहीत नव्हतं, मुलगा पुण्याहून निघालेला, इथल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आणि मी आतून खुणेने सांगतोय कपाट, वरचा खण. आता एक निळी डायरी केली आहे, सगळं तिच्या अक्षरात. तिनेच लिहायचं, असा तिचा हट्ट, म्हणाली तुमचं अक्षर मला लागत नाही. ५२ वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा सांगितलं.

पीओबद्दल माझं मत, घ्या पण सगळा नको. एका माणसाच्या छत्रीत पाच जण मावत नाहीत.

सिडको_बॉय
काका तब्येत सांभाळा 🙏 मी अजून म्हणतो घेऊ नको.

अंबड_व्हीएमसी
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वहीखाते साहेब, बिलावर उद्यम नंबर नव्हता. तुम्हाला कसं कळलं? आज फॉरमॅट बदलला. पत्र पण गेलं, बायकोने लिहिलं, मी फक्त सही केली. संध्याकाळी परचेसवाल्यांचा फोन, "अहो पत्र कशाला, आपलं घरचं आहे". मी गप्पच होतो, हिने फोन घेतला आणि म्हणाली घरचं आहे म्हणूनच साध्या पोस्टाने पाठवलं. अडीच लाख सोमवारी टाकतो म्हणालेत. बघू. उरलेले आले तरच पहिला पीस मशीनवर चढेल आणि तेव्हाही निम्माच लॉट घेणार, दुसरी व्हीएमसी सिन्नरच्या दोन छोट्या पार्ट्यांसाठी मोकळी ठेवतोय, त्यांचे रेट कमी आहेत पण १५ दिवसांत देतात.

पगाराचं घरी वाचून दाखवलं ताई. किती ते ठरायचंय, तिचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आहे.

आणि एक विचारायचं होतं, अंबडला डबा देता का? आम्ही पाच जण आहोत, रोज वडापाव खाऊन कंटाळलो.

डबेवाली_ताई
पोरगा तिकडूनच येतो, पाच असतील तर देईन. ८५ प्रमाणे, रविवार बंद. महिन्याचे पैसे आगाऊ हं दादा.