अँटीव्हायरसच्या आधी एपीके बघा

फोनमध्ये अँटीव्हायरस टाकला की निर्धास्त, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी ज्या फायली फिरतायत, त्यांच्या नावाचं शेपूट बघा: एपीके (.apk), म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकायची फाइल. अहो, पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. ती इन्स्टॉल कशाला करावी लागतेय? ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. आणि पाठवणारा बऱ्याचदा आपलाच मावसभाऊ असतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी कुठेतरी सापडेल (प्रत्येक कंपनी ती वेगळ्याच बिळात लपवते). तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमसमोरचं बटण बंद ठेवा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीतही (तिथली परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं) कधी न टाकलेलं अ‍ॅप दिसतंय का बघा.

असलं काही टाकून झालंच असेल तर फोन आधी फ्लाइट मोडवर. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त. उद्या चौकीत जाऊ, असं म्हणत बसू नका.