'सिल्हूट'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: चित्राखाली 'मानवी सिल्हूट आणि लँडस्केपचा ब्लेंड' असं लिहिलंय. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या आकारात ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर भरलाय. सिल्हूटला 'सावली' चालेल?

तलावपाळी: नाही. सावली जमिनीवर, भिंतीवर पडते, लांबते, आखडते. उजेडाकडे पाठ केलेला माणूसच काळा दिसतो, ती छायाकृती. 'छायाचित्र' फोटोने कधीच बळकावलं. 'बाह्यरेखा' म्हणजे नुसती कड, आतला भराव नाही. मूळ शब्दात तर छाया नाहीच: एतिएन द सिल्हूट हा १७५९ मधला फ्रान्सचा अर्थमंत्री. त्याच्या काटकसरीची टिंगल होई, तीच पुढे स्वस्तातल्या काळ्या चित्रांना चिकटली असं सांगतात.

वाशीकर: आणि ब्लेंड? 'मिश्रण' मसाल्याचं वाटतं. 'एकजीव' कसं आहे?

तलावपाळी: कणीक एकजीव झाली की पीठ-पाणी वेगळं ओळखू येत नाही. इथे माणूसही दिसायला हवा, डोंगरही. लपायला हवा तो फक्त सांधा, त्याला 'बेमालूम'.

येऊर पायथा: सांधा बिघडतो कुठे ते सांगतो. फोटोशॉपसारख्या अ‍ॅपमध्ये माणसाच्या फोटोवर डोंगराच्या फोटोचा थर ठेवून त्याचा मिसळण्याचा मोड 'स्क्रीन' केला की काळ्या भागातच डोंगर उमटतो, पांढरं पांढरंच राहतं. आधी 'लेव्हल्स' या उजेड-अंधाराच्या सेटिंगमध्ये माणसाच्या फोटोतलं काळं-पांढरं दोन्ही टोकांना ढकला; अंग नुसतं करडं राहिलं तर डोंगर दुधाळ दिसतो. डोंगरामागचं फिकट आभाळ नाका-ओठांशी आलं तर चेहऱ्याची कड पार्श्वभूमीत विरघळते. म्हणून तिथे गर्द झाडी घ्या आणि ती कड एक-दोन पिक्सेलच मऊ करा. आभाळ डोक्याच्या मागच्या बाजूला सोडा, तिथे कड विरली तर उलट शोभतेच. पाण्याची आडवी रेघ गळ्यावर येऊ देऊ नका, मुंडकं उडवल्यासारखं दिसतं. खांद्याखाली घ्या.

फोटोसाठी संध्याकाळी ऐरोलीचा काठ बरा, सूर्य खाडीपलीकडे मावळतो. ठाण्याच्या उपवन तलावाला मागे येऊरचा डोंगरही काळाच, त्यात माणूस हरवतो; कॅमेरा गुडघ्याशी आणून डोकं आभाळात काढावं लागतं.

तलावपाळी: गंमत म्हणजे भाषेने हे काम आधीच केलंय. डोंगराला माथा, खांदा, कूस, खाडीला तोंड. ट्रेकवाल्यांची 'नाळ' तर घळही आणि बाळाचीही, सह्याद्रीतली बोराट्याची नाळ आठवा. माथ्याच्या जागी माथा बसवून पाहा.

वाशीकर: 'लँडस्केप'ला निसर्गचित्र?

तलावपाळी: रंगवलेलं असेल तर. फोटो असेल तर निसर्गदृश्य.

ऐरोलीकर: फोटोच आहे. मग 'छायाकृतीत उतरलेला पारसिक' एवढंच लिहितो. पाण्याची रेघ मात्र गळ्यावरच आलीय, ती आधी खाली घेतो.