मदत हवी आहे: एमबीबीएसच्या पसंतीक्रमात घाटी वर टाकावं की अंबाजोगाई?

नमस्कार. धाकट्या बहिणीला नीटमध्ये चांगले मार्क पडलेत. मागच्या वर्षीचे कटऑफ बघता छत्रपती संभाजीनगरचं मेडिकल कॉलेज म्हणजे घाटी आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे नंबर लागेल असं वाटतंय. आम्ही गंगाखेड तालुक्यातले. घरात डॉक्टर होणारी ही पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळचं कुणी नाही.

दोन्ही कॉलेजं सरकारी आहेत आणि दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. अभ्यासक्रम तोच, पेपर तेच, डिग्रीही तीच. म्हणून ‘भारी कॉलेज कोणतं’ हे मला विचारायचं नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं ती तिथे राहणार आहे. त्या वर्षांत ती माणूस म्हणून कशी घडेल, हे तिथे राहिलेल्यांकडून ऐकायचंय.

अंबाजोगाई मी थोडंफार जवळून पाहिलंय. वडिलांना तिथे ॲडमिट केलं होतं. सुट्टी मिळाली त्या दिवशी एका इंटर्न मुलीने गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने कुठे सूर्य काढला, कुठे चंद्र, आणि वडिलांकडून तीनदा वदवून घेतलं की कोणती गोळी कधी घ्यायची. वडिलांना वाचता येत नाही, हे तिला सांगावं लागलं नव्हतं. केज, धारूर, परळीकडचे पेशंट, ऊसतोडीवरून आलेली कुटुंबं, सर्पदंश, विषबाधा हे सगळं तिथे रोजचं. १९७५ च्या सुमाराला मुद्दाम ग्रामीण भागासाठी काढलेलं कॉलेज आहे, आणि ते जाणवतं. गावही असं की चहाच्या टपरीवर ॲप्रन घातलेली पोरं दिसली की लोक आपुलकीने जागा देतात. घरापासूनही जवळ. रेल्वे नाही, पण परळीपर्यंत गाडी आणि पुढे लालपरी, तीही मुलींना अर्ध्या तिकिटात. आईचं मत अर्थातच अंबाजोगाई.

माझं मन मात्र घाटीकडे ओढ घेतंय. बहीण अबोल आहे. लातूरला दोन वर्षं क्लास, मेस आणि रूम यापलीकडे तिने काही पाहिलं नाही. अंबाजोगाईतही पुन्हा हॉस्टेल, वॉर्ड, हॉस्टेल एवढंच होईल का, ही भीती आहे. आमचा मावसभाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगला होता. पहिल्या वर्षी फोनवर धड बोलायचा नाही, तिसऱ्या वर्षी एकांकिका बसवत होता. त्याचे मित्र कायद्याचे, नाटकाचे, विद्यापीठात संशोधन करणारे. घाटीपासून विद्यापीठ आणि नागसेनवनातली कॉलेजं लांब नाहीत. वेगळ्या विषयांची, वेगळ्या घरांतली माणसं भेटणं हेही शिक्षणच आहे, असं मला मनापासून वाटतं. पण एमबीबीएसच्या पोरांना त्यासाठी वेळ तरी मिळतो का? की शहर फक्त हॉस्टेलच्या खिडकीतून दिसतं?

घाटीत मराठवाड्याबरोबर बुलढाणा, जळगावकडचेही पेशंट येतात. म्हणजे बघायला भरपूर मिळणार, पण त्या गर्दीत ज्युनिअर विद्यार्थ्याला पेशंटजवळ बसून शिकायला मिळतं का, की लांबून बघायचं?

घाई एवढ्यासाठी की प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम नुसता भरून चालत नाही. पहिल्या फेरीत अंबाजोगाई मिळालं आणि वर घाटी टाकलेलं असेल, तर पुढच्या फेरीत घाटी लागताच अंबाजोगाईची जागा जाते. त्यामुळे आधीच ठरवलेलं बरं.

दोन्हीपैकी कुठेही शिकलेल्यांनी, विशेषतः खेड्यातून गेलेल्या मुलींनी, कृपया सविस्तर लिहावं. संध्याकाळी सातनंतर हॉस्टेलबाहेर सहज पडता येतं का, जेवणाची सोय कशी, सुट्टीच्या दिवशी काय करायचात, पहिल्या वर्षी खचल्यासारखं झालं तर कोण होतं जवळ? बहिणीचा स्वतःचा कौल अजून कळलेला नाही. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते, आणि तेच मला नकोय. तुमची उत्तरं तिलाच वाचायला देणार आहे.