बोटावरची चामखीळ: कॉटरी की नायट्रोजन? गणेशचवथीआधी करून घेऊ का?

सत्तरीची सून
नमस्कार. वाळपईजवळ राहते, वय 36. उजव्या हाताच्या तर्जनीवर, नखाला अगदी लागून एक चामखीळ आहे, शेजारी बारीक दोन. मोठी गेल्या चवथीला तिळाएवढी होती, आता वाटाण्याएवढी झालीय. वरून खरखरीत, मध्ये काळे ठिपके. नारळ खवताना घासली की रक्त येतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या मावशींच्या सांगण्यावरून काजूच्या कवचाचं तेल काडीने लावलं. रात्रभर बोट ठणकलं, सकाळी आजूबाजूची कातडी काळी पडून सोलली. चामखीळ होती तशीच.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितलेत, कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने जाळायची किंवा अतिथंड द्रवरूप नायट्रोजन मारून गोठवायची. माझी अडचण पाण्याची आहे. घरात सहा माणसं, भांडी-कपडे माझ्याकडे, आणि चवथीला पाच आठवडे उरलेत. नेवऱ्या (करंज्या), माटोळीची म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांची तयारी, पाहुणे, सगळं याच हातावर. कुणी केलंय का? हात किती दिवस अडकतो? डाग राहतो का? माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यावरही एक दिसायला लागलीय.

पेडणेकर
माझी तळपायाला होती. कुरूप समजून घरीच ब्लेडने तासत राहिलो, एकीच्या चार झाल्या. शेवटी नायट्रोजन घेतला, तीन-तीन आठवड्यांनी तीनदा. मारताना सोसतं, पण रात्री आग होते. दुसऱ्या दिवशी रक्ताळलेला फोड आला तो मी सुईने फोडला आणि तसाच भर पावसात चप्पल घालून कामावर गेलो. जखम चिघळली, आठ दिवस घरी बसलो. ताई, फोड आला तर त्याला हात लावू नका.

फोंड्याची सिस्टर
बाय, मी निवृत्त सिस्टर. त्यातली नऊ वर्षं त्वचारोगाच्या ड्रेसिंग रूममध्ये काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते तेल. पुन्हा लावू नकोस. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, दोघांचा चीक कातडी जाळतो, आणि चामखीळ कुठे संपते ते त्याला कळत नाही. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख चोळून कामाला बसतात त्या याचसाठी. तेल लावल्याचं डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. सोललेली कातडी भरून आल्यावरच ते पुढचं करतील. मधुमेह असेल तर तोही आधी सांगायचा.

नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो. इंजेक्शन सहसा लागत नाही, पण एका फेरीत चामखीळ क्वचित जाते, तीन-चार फेऱ्या धरून चाल. कॉटरीत बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. ते दुखतं, खोटं कशाला सांगू. मग थोड्या वेळात जाळून, खरवडून काढतात. पण तुझी नखाला लागून आहे. नखाच्या मुळाला इजा झाली तर नख कायमचं वेडंवाकडं येऊ शकतं, आणि हे दोन्ही उपायांत होऊ शकतं. म्हणून 'माझ्या नखाला धोका किती' हे डॉक्टरांना स्पष्ट विचार.

आता पाणी. पहिले 24 तास पट्टी कोरडी. त्यानंतर रोज एकदा साध्या साबणाने बोट धुवायचं, स्वच्छ सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. दिलेलं मलम पातळ लावून नवी पट्टी. पट्टी ओली झाली की त्याच क्षणी बदल. पावसाळ्यात सकाळची ओली पट्टी संध्याकाळपर्यंत ठेवून आलेल्या किती बायका मी पाहिल्या! उघडली की खालची कातडी भिजलेल्या पोह्यांसारखी पांढरी, आणि वास. प्लास्टिकची पिशवी बांधू नकोस, आत घाम साचतो. आतून पातळ सुती हातमोजा, वरून रबराचा, आणि भांडी झाली की दोन्ही लगेच काढायचे. श्रावण पाळत असशील तर मासळी साफ करणं आपोआप टळेल, ते फार बरं.

खपली साधारण दोन आठवड्यांत पडते. ओढून काढलीस तर व्रण राहील. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. वाढलं, लाली पसरली, पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी दाखव.

आपल्या सावळ्या कातडीवर काळसर डाग पडतो, नायट्रोजनने कधी पांढरट. काही महिने टिकतो. जखम भरल्यावर 30 एसपीएफचं सनस्क्रीन लाव, हात धुतला की पुन्हा.

कॉटरी ठरली तर तुला वेळ आहे, पण पंधरा दिवसांच्या आत व्हायला हवी. नेवऱ्यांच्या आठवड्यात उघडी जखम नको.

मुलीची मात्र जाळायची घाई करू नकोस. लहान मुलांच्या चामखिळी पुष्कळदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. दाखवून ठेव.

सत्तरीची सून
सिस्टर, खूप आभार. तेलाचं डॉक्टरांना सांगितलं. सोमवारची वेळ मिळालीय, आधी बोट तपासून मग ठरवणार. धुण्या-भांड्याचं घरी बोलले, सासूबाई म्हणाल्या दोन आठवडे मी आणि तुझा नवरा बघतो. पण एक भीती बसलीय. याचा विषाणू म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाच एचपीव्ही असं वाचलं. मुलीला माझ्यामुळेच झालं का?

फोंड्याची सिस्टर
नाव एकच, जाती वेगळ्या. एचपीव्हीच्या शंभरावर जाती आहेत. हातापायाच्या चामखिळी मुख्यतः 1, 2, 4 या जातींच्या, त्या कर्करोगामागे 16 आणि 18. त्याची लस मुलीला वेळेवर दे, पण या चामखिळींसाठी ती नाही.

तुझ्यामुळे की शाळेतून, ते कुणालाच सांगता येणार नाही, स्वतःला दोष देऊ नकोस. आजपासून तिचा टॉवेल आणि नेलकटर वेगळा ठेव. आणि तुला बोट दाताने कुरतडायची सवय असेल तर सोड, ओठावर येते.