तालमीच्या पोरांकडून एकांकिका-शाहिरीची संध्याकाळ उभी करायचीय, सल्ला हवा

रंकाळाकाठ
कोल्हापुरात जानेवारीत एक संध्याकाळ ठरवतोय. दोन एकांकिका, मध्ये २५ मिनिटं शाहिरी. बंदिस्त सभागृह, २०० खुर्च्या. पोरंपोरी १४, वय १६ ते २१. निम्मी पेठेतल्या तालमीची (तालीम म्हणजे आमच्याकडं गल्लीतलं मंडळ), निम्मी कॉलेजच्या एकांकिकेतली. खुर्च्या लावायला ती येतातच, आता अख्खा कार्यक्रम त्यांच्या हातात द्यायचाय. कामं कशी वाटायची, मोठ्यांनी कुठं थांबायचं, नेमकं काय बिघडतं?

तिसरी_घंटा
गणपतीची मिरवणूक काढणाऱ्या पोरांना आयोजन शिकवायला लागत नाही. वर्गणी, जनरेटर, पोलीस परवाना, वडापावची गाडी, सगळं येतंय त्यांना. मिरवणुकीत दोनच गोष्टी लागत नाहीत, शांतता आणि मिनिटाचा हिशोब. तेवढंच शिकवा.

तारीख पक्की करण्याआधी शाहू स्टेडियमवर त्या दिवशी पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच आहे का बघा. असली तर प्रेक्षक सोडा, निम्मे कार्यकर्ते गॅलरीत सापडतील. बारावीवाले असतील तर जानेवारीचा पहिला पंधरवडाच धरा.

वाटणी करताना काम नाही, निर्णय वाटा. प्रसिद्धीच्या दोघांना ३,००० रुपये दिले की पोस्टर छापायचं का रील करायचं हे त्यांनीच ठरवायचं. खर्चाला पावती आणि दोघांच्या सह्या, बास. दर २० रुपयांना मोठ्यांना विचारायला लागलं की तिसऱ्या आठवड्यात पोरं गळतात, आणि मग आपणच म्हणतो आजकालच्या पोरांना चिकाटी नाही.

विंगेत (रंगमंचाच्या आडबाजूला) मात्र लोकशाही नको. रंगमंच व्यवस्थापक एकच, शक्यतो एकांकिकेत भूमिका नसलेली मुलगी किंवा मुलगा. पडदा, दिवे, प्रवेश, सगळे क्यू (कधी काय करायचं ते इशारे) तिच्याच तोंडून. दिग्दर्शकानं सुद्धा तिला ओलांडून प्रकाशवाल्याला खुणा करायच्या नाहीत. क्यूच्या कागदावर चार रकाने पुरतात: वेळ, संहितेतलं वाक्य, काय होणार, कोण करणार. पाच प्रती, मोठ्या अक्षरात, कारण विंगेत उजेड नसतो. टॉर्चला लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावा.

सगळ्यात जास्त बिघडतो तो नेपथ्यबदल. पहिल्या नाटकाच्या खुणा लाल टेपनं, दुसऱ्याच्या पिवळ्या. प्रॉपर्टीच्या (नाटकात वापरायच्या वस्तूंच्या) टेबलावर खाकी कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढा, जागा रिकामी दिसली की काय हरवलंय ते कळतं. बदल घड्याळ लावून तीनदा करून बघा. पहिल्यांदा १५ मिनिटं लागतील, तिसऱ्यांदा ७-८ वर यायला पाहिजे. शाहिरी पडद्यापुढं घेतली तर मागं निवांत बदलता येतं, पण ठोकाठोकीचं सामान वापरायचं नाही, सगळं आधीच जोडलेलं हवं.

वायरमन
विजेचं बोलतो. जुना हॅलोजन पार (रंगमंचाचा डब्यासारखा दिवा) १,००० वॅटचा, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन चालतात, चौथा लावला की ट्रिप व्हायची भीती, आणि ट्रिप नेमकी रडायच्या प्रवेशातच होते. एलईडी पार १५०-२०० वॅटचे मिळतात, भाडं थोडं जास्त पडलं तरी तेच घ्या.

साउंड आणि डिमरवरचे (उजेड कमीजास्त करायच्या यंत्रावरचे) दिवे एका लाइनवर नकोत, स्पीकरमधून घूं येते. माइकची केबल आणि पॉवरची केबल समांतर नेऊ नका, ओलांडायला लागली तर काटकोनात. जिन्यात आणि प्रवेशाच्या वाटेवर केबल गॅफर टेपनं (कापडी चिकटपट्टीनं) पूर्ण झाका. खाकी पॅकिंग टेप लावाल तर निघताना चिकटा राहतो आणि हॉलवाला डिपॉझिट कापतो.

पोरांनी स्विच आणि फेडर (आवाज-उजेड कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) जरूर चालवावेत. मेन बोर्डाला हात फक्त परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा. इथं हौस नको.

झीलकरी
शाहिरीला चार माइक: शाहिराला एक, झीलकऱ्यांना (मागं सूर धरणाऱ्यांना) मिळून एक, ढोलकीला एक, हार्मोनियमला एक. तुणतुणं झीलकऱ्यांच्या माइकमध्ये आपोआप येतं. हलगीला माइक देऊ नका, २०० खुर्च्यांच्या हॉलात ती उघडीच कान फोडते.

हलगी कातडी असेल तर तापवायला लागणार आणि कोणीतरी विंगेतच कागद पेटवणार. त्याला तिथल्या तिथं अडवा. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालेलं सगळ्यांनी बघितलंय. तापवायची तर इमारतीबाहेर, जवळ पाण्याची बादली आणि एक मोठा माणूस. किंवा फायबरच्या पानाची हलगी आणा, आवाजाला जरा कमी, पण तापवायची भानगड नाही.

रंकाळाकाठ
लय उपयोगी. परवानग्यांचं पण पोरांवर सोपवू का? आणि मंडळाला सत्कार हवेत, दहा-बारा जणांचे. 🙏

खिडकी_बुकिंग
फिरू देत पोरांना, सह्या मोठ्यांच्या. १८ च्या आतल्याशी केलेला करार कायद्यानं चालत नाही, म्हणून हॉल आणि साउंडवाल्याचं बुकिंग सज्ञान माणसाच्या नावावर. कागद असे: लेखकाची लेखी परवानगी (मानधन किती तेही त्यातच), संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, मग पोलीस ठाण्यात अर्ज. नवी संहिता असेल तर दोन महिने आधी हलवा. प्रमाणपत्रासाठी दिलेली संहिता आणि प्रयोगाची एकच ठेवा, तालमीत वाढवलेले विनोद नंतर अंगाशी येतात.

ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद हा नियम बंदिस्त सभागृहातल्या कार्यक्रमाला लागत नाही, पण पोरं वेळेत घरी पोचायला पाहिजेत, म्हणून ६:३० ला तिसरी घंटा आणि ९:१५ ला शेवटचा पडदा. १८ च्या आतल्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या, घरी कोण सोडणार ते नावासकट त्याच कागदावर. शेवटच्या केएमटी बसच्या भरवशावर कुणालाच ठेवू नका.

तिकीट ५० रुपये तरी लावा. फुकट पास घेतलेला माणूस घरी मिसळ खात बसतो.

तिसरी_घंटा
सत्काराचं: एकाला हार-श्रीफळ-शाल आणि दोन शब्द धरले तर ४ मिनिटं. दहा जण म्हणजे एक एकांकिका गेली. पोरांच्या कागदावर ७ मिनिटांचा एकच रकाना ठेवा, त्यात सगळ्यांना एकदम उभं करून गुलाबाचं फूल. आणि हे मंडळाला पोरांनी सांगायचं नाही, तुम्ही सांगायचं. मोठ्यांचं काम विचारलंत ना, हेच ते.

रंकाळाकाठ
रविवारी बैठक आहे, सांगतो. अध्यक्षांचं नाव त्या यादीत पहिलं आहे भावा.