मदत हवी आहे: एकाच मेलमध्ये ‘बाउन्स बॅक’ हा शब्द तीनदा झालाय

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परराज्यातल्या एका जुन्या व्यापाऱ्याला इंग्रजीत मेल लिहायचाय, पण ‘बाउन्स बॅक’च्या पुढे गाडी सरकेना.

सूत महागलं म्हणून दोन महिने निम्मे माग बंद होते, आता धंदा सावरलाय. मी लिहिलं, ‘वुई बाउन्स्ड बॅक अवर बिझनेस.’ बारावीतली मुलगी म्हणते, “पप्पा, चुकलंय.” का चुकलंय, ते तिलाही सांगता येईना. दुसरं, टॉवेल गाठोड्यात दाबून गेला की लूप, म्हणजे वरचे सुताचे फासे, झोपतात. एकदा धुऊन झटकला की परत उभे राहतात, बोट फिरवलं की लगेच कळतं. त्यालाही तोच शब्द लावला. आणि त्या व्यापाऱ्याचा चेक परत आलाय, तिथेही तोच! हे शेवटचं जरा गोडीत लिहायचंय.

प्रतिसाद १: मुलगी बरोबर आहे. आपलं ‘सावरणे’ दोन्हीकडे चालतं: धंदा सावरला, मी धंदा सावरला. फसगत तिथेच होते. ‘बाउन्स बॅक’ला या अर्थाने कर्म लागत नाही. ‘अवर बिझनेस हॅज बाउन्स्ड बॅक’ म्हणा. कशातून ते सांगायचं तर पुढे ‘फ्रॉम’. शिवाय त्यात झटकन उसळी घेतल्याचा भाव आहे. हळूहळू सुधारत असेल तर ‘इज पिकिंग अप’ किंवा ‘इज रिकव्हरिंग’. ‘पुल थ्रू’ नको, जिवावरच्या दुखण्यातून वाचल्यासारखं वाटतं, गिऱ्हाईक घाबरेल.

लुपांना ‘बाउन्स बॅक’ चालेल, पण दबलेली वस्तू मूळ आकारात येते त्याला ‘स्प्रिंग बॅक’ जास्त शोभतं.

प्रतिसाद २: चेकपुढचं ‘बॅक’ काढा. मेल बाउन्स बॅक होतो, चेक नुसताच बाउन्स होतो. आणि गोडीत म्हणाल तर ‘द चेक वॉज रिटर्न्ड अनपेड’. आपण ‘चेक वटला नाही’ म्हणतो ना, तसं. दोष कुणावर येत नाही.

धागाकर्ता: लई आभार! 12 पैकी 9च माग चालू आहेत, म्हणजे ‘पिकिंग अप’च खरं. आता एवढंच सांगा, चेकचं वाक्य नव्या ऑर्डरच्या आधी टाकू की नंतर?