सल्ला हवा: जुन्या गढीत दोन रात्री, माणसं चौदा

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी घरच्या चौदा जणांनी एखाद्या जुन्या वाड्यात किंवा गढीत दोन रात्री राहायचं ठरतंय. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दहाच्या आतली चार लेकरं. एका भावाचा पासपोर्ट कॅनडाचा. दोन जागा डोळ्यासमोर आहेत: वेरूळ-खुलताबादकडं दगड-चुन्याचा वाडा आणि धाराशिव जिल्ह्यात पांढऱ्या मातीची गढी. फोटो दोन्हीचे देखणे आहेत. नुसती नावं नकोत. पैसे भरायच्या आधी फोनवर काय विचारायचं, खोली कुठली मागायची, ते सांगा.

चिरेबंदी

ताई, फोटो दरवाज्याचे आणि बुरजाचे काढतात, झोपायचं मात्र छताखाली असतं. म्हणून आधी छताचं विचारा: माळवद (लाकडी तुळयांवर माती पसरलेलं सपाट छत) आहे की दुरुस्तीत स्लॅब टाकलाय? माळवद असेल तर त्यावर आज किती इंच माती आहे?

हे विचारायचं कारण वजन. एक फूट जाडीची माती दर चौरस फुटाला साधारण 45 ते 50 किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर ती साडेपाच ते सहा टन होते, आणि पावसात भिजली की आणखी वाढते. दरवर्षी गळती थांबवायला वरून नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, अशानं माळवदाची जाडी पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेली असते.

लातूर-धाराशिवकडच्या गढीबद्दल तर हे विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती मुख्यतः याच बांधणीमुळं. दोन फुटांहून जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत तिचे दोन वेगळे थर असतात. मधे गोटे आणि मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नसले की हादऱ्यानं थर एकमेकांपासून सुटतात, भिंत कोसळते आणि माळवदाची माती खाली येते. खांब आणि तुळयांचा पुरा लाकडी सांगाडा असलेल्या घरांत बऱ्याच ठिकाणी सांगाडा उभा राहिला, पडल्या त्या भिंती.

म्हणून मालकाला तीन गोष्टी विचारा. छताचा भार खांबांवर आहे की नुसत्या भिंतींवर? दुरुस्तीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घातले का? छताच्या खालून सगळ्या भिंतींना फिरणारा पट्टा आहे का? ज्यानं मनापासून काम करून घेतलंय तो माणूस हे दहा मिनिटं सांगत बसतो. "जुनं बांधकाम आहे, काही होत नाही" एवढंच उत्तर आलं तर ती जागा सोडा. मी तरी लेकरांना तिथं झोपवणार नाही.

चिरेबंदी

वरचं लिहिताना एक राहिलं. मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा. चौक आणि बुरूज नंतर बघा, आधी या जागा दाखवायला लावा.

छताचे कोपरे: तुळई भिंतीत शिरते तिथं पिवळे-तपकिरी ओघळ असतील तर पाणी मुरतंय आणि तुळईचं टोक कुजायला लागलेलं असू शकतं. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे.

भिंतीचा खालचा दोन फूट भाग: मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग पोपडे निघतात आणि खोलीला कुबट वास धरतो. दम्याच्या माणसाला तिथं रात्र काढणं जड जाईल. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा थोडा खडबडीत दिसला तरी तोच बरा.

भिंतीनं पोट काढलंय का, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलीय का, तेही बघा. जुनी भेग बुजवून रंगवली तरी तिरक्या उन्हात तिची रेघ दिसते, म्हणून कॉल संध्याकाळी पाचच्या सुमारास करा.

शेवटी माळवदावर जायला सांगा. गवत उगवलंय का आणि पन्हाळी मोकळ्या आहेत का? पन्हाळ तुंबली की पाणी छतावर थांबतं, आणि पांढरी माती वाहतं पाणी जसं परतवते तसं साचलेलं पाणी परतवत नाही. गढ्यांना आणि माळवदांना शेतातली काळी माती न वापरता गावठाणातली पांढरी वापरतात, कारण काळी ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळं मातीची गढी म्हणजे कच्चं काम असं समजू नका. वर्षाला निगा राखलेली पांढरी टिकते. डागडुजी सोडली की दोन पावसांत ढासळायला लागते.

मांजराकाठ

चिरेबंदी, मनापासून आभार. भूकंपाचा मुद्दा घरात कुणाच्याच ध्यानात आला नव्हता, आणि आम्ही लातूरचे. खोली कुठली मागू? वरच्या मजल्यावरची हवेशीर दिसतेय.

बळद

वरची मागू नका. तुमच्या आईंसाठी तर अजिबात नको. जुन्या वाड्यांतले जिने भिंतीच्या जाडीत काढलेले असतात: रुंदी जेमतेम दोन-सव्वादोन फूट, पायरी दहा-बारा इंच उंच, मधे वळण, धरायला कठडा नाही. गुडघा बदललेल्या माणसाला सहा-सात इंचांची पायरी सोसते. बारा इंचांची पायरी उतरताना पाय घसरतो, चढण्यापेक्षा उतरणं धोक्याचं. तळमजल्यावर चौकालगतची, ढाळजेच्या (दरवाज्यालगतच्या ओसरीच्या) आतली खोली मागा आणि तिथून संडास-बाथरूमपर्यंत किती उंबरठे लागतात ते मोजून घ्या. सहा इंचांचा सागवानी उंबरठा रात्री हमखास पायात येतो. चौकटी साडेपाच फुटांच्या आत असतात, उंच माणसांना आधीच सांगून ठेवा.

ऋतूचा हिशेबही आहे. जाड भिंत दिवसभराचं ऊन हळूहळू पिते आणि दहा-बारा तासांनी आतल्या बाजूला सोडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये वाडा दुपारी थंड वाटतो आणि रात्री तापतो, वरचा मजला जास्तच. डिसेंबरात तीच गोष्ट कामाला येते, रात्री खोली उबदार राहते. पण बाथरूम परसात असेल तर पहाटे उघडा चौक ओलांडावा लागतो, आणि पारा 10 अंशांच्या खाली आलेला असू शकतो. आई-बाबांच्या खोलीला जोडून कमोड असलेलं बाथरूम हवं, यावर तडजोड नको.

पाणी: चौदा माणसांना रोजचं 1400 लिटर धरा. हजार लिटरच्या एका टाकीवर सकाळी नऊपर्यंत खडखडाट होतो, आणि वीज नसली तर बोअरची मोटरही चालत नाही. दोन टाक्या आहेत का विचारा. गिझर पंधरा लिटरचा असेल तर एका दमात दोघांचीच अंघोळ होते आणि पुढचं पाणी तापायला वीस मिनिटं लागतात. बंब असेल तर उत्तम, बंबाच्या पाण्यावर सगळी उरकतात.

वीज: 2 किलोवॅटचे चार गिझर आणि दीड किलोवॅटचे चार एसी म्हणजे 14 किलोवॅट. हा भार सिंगल फेजवर चालत नाही, थ्री फेज जोडणी हवी. डिसेंबरात एसी लागत नाही, म्हणून निम्मा प्रश्न सुटतो. तरी लाकडी पट्टीवरची जुनी वायर अजून वापरात आहे का, आणि बोर्डात आरसीसीबी (झटका बसताच वीज तोडणारा स्विच) बसवलाय का, हे विचाराच. ओल्या भिंतीतून झटका बसतो त्याला साधा फ्यूज अडवत नाही.

अजिंठा डोंगर

प्रवासाचं सांगतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. सोमवार-मंगळवारचा मुक्काम ठेवला तर एक एक दिवस वाया जातो. बुधवार ते शुक्रवार सगळ्यात चांगलं. शनिवार-रविवारी डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बस लागतात आणि कैलास लेण्यात उभं राहायला जागा मिळत नाही.

वेरूळच्या वाड्यात राहिलात तर अजिंठा त्यातच कोंबू नका. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर होतं, शिवाय फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं. अजिंठा करायचाच असेल तर फर्दापूरला वेगळी रात्र काढा. दोन रात्रींत वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद आणि दौलताबादचा पायथा एवढंच धरा. दौलताबाद बालेकिल्ल्याला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मधे अंधारी म्हणजे काळोखा भुयारी रस्ता आहे. आई-बाबांनी चांदमिनार आणि भारतमातेच्या मंदिरापर्यंत जावं, तिथवर सपाट आहे. वेरूळमध्येच मालोजीराजे भोसल्यांच्या गढीची जागा आहे. गढीतला मुक्काम आणि ती बघणं एकत्र झालं तर लेकरांना बुरूज, दिंडी (मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार), परस हे शब्द डोळ्यांनी कळतील.

धाराशिवची गढी घेतली तर तेर सोडू नका: त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर, गोरोबाकाकांची समाधी आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय, सगळं एका सकाळीत होतं. नळदुर्गचा पाणीमहालही जवळ आहे, पण नर-मादी धबधबे डिसेंबरात वाहतील अशी आशा ठेवून जाऊ नका, ते पावसाळ्याचं दृश्य आहे.

भावाबद्दल: परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला की मुक्काम देणाऱ्याला 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. छोट्या वाडामालकांना हे ठाऊक नसतं आणि ऐन वेळी नकार येतो. आजच विचारा, तशी नोंद करायची सोय त्यांच्याकडं आहे का. व्हिसा किंवा ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) प्रतही सोबत ठेवायला सांगा.

शेंगदाणा चटणी

खाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. डिसेंबरअखेर हुरड्याचे दिवस सुरू होतात. पण तारीख शेतावर असते, कॅलेंडरवर नसते. पेरणी लांबली की हुरडाही दोन-तीन आठवडे पुढं जातो. निघायच्या आठ दिवस आधी फोन करून "कणसात दूध भरलंय का" असं विचारा. दाणा टणक झाला की भाजूनही चोथा लागतो. गूळभेंडी किंवा सुरती या हुरड्याच्या ज्वारीच्या जाती असतील तर मागा. आगटी (कणसं भाजायचा विस्तव) शेतात, बैठक शेतात, म्हणून आईंसाठी खुर्ची न्यायला विसरू नका.

दुसरं, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं येळवसेला गावं रिकामी होतात, सगळे शेतात. गढीतला स्वयंपाकीही जाणार आणि त्याला अडवणं बरं नाही. ती तारीख मुक्कामात येत असेल तर आधी ठरवा: एक तर मालकाच्या शेतात भज्जी, उंडे, आंबील जेवायला जायचं, नाही तर तारीख बदलायची. शक्य असेल तर पहिलं करा, पैसे देऊन मिळणारं जेवण ते नव्हे.

चौदा माणसांच्या चुलीवरच्या भाकरीला दोन बायका लागतात. ज्वारीची भाकरी निवली की वातड होते, म्हणून दोन पंगती करा: आधी लेकरं आणि म्हातारी माणसं. "सगळ्यांना एकदम वाढा" म्हटलं की निम्म्यांच्या ताटात गार भाकरी येते. तिखटाचंही आधी सांगा, येसूर (तिखट मसाला) घातलेलं कालवण लेकरांना सोसणार नाही. त्यांच्यासाठी वरण वेगळं काढून ठेवायला सांगा.

मांजराकाठ

किती नेमकं सांगितलंत. आज दोन्हीकडं फोन केले. धाराशिवचे मालक म्हणाले, माळवदाची माती दीड फुटावरून सहा इंचांवर आणली, खांब पूर्वीचेच आहेत, छताखालून पट्टा फिरवलाय. वेरूळकडचे छताबद्दल काही सांगू शकले नाहीत, "फोटो बघा ना" म्हणाले. धाराशिवकडं कल आहे. दोन शंका: विंचू-सापाची भीती कितपत, आणि आगाऊ किती भरू?

बळद

धाराशिवच घ्या.

दगडी सांदी आणि मातीची भिंत असली की विंचू असणार असं धरून वागायचं. थंडीत ते कमी फिरतात, पण सरपण आणि दगडांच्या ढिगात असतात, लेकरांना परसात चपला घालूनच सोडा. अंथरूण भिंतीपासून हातभर दूर, पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं तर मंत्र-तोडग्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. यावर प्राझोसिन हे औषध द्यायची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केली, तेही मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. साप चावला तर करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, पाय हलवू न देता न्या. मुक्कामापासून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथं सापाची लस आहे का, हे मालकाला आधी विचारून ठेवा. 108 ला फोन करताना गढीच्या नावाबरोबर गाव, तालुका आणि पाटीवरचा फाटा सांगावा लागतो, तो कागदावर लिहून दाराशी लावा.

अजिंठा डोंगर

आगाऊ रक्कम एक तृतीयांशाच्या वर देऊ नका. यूपीआयवर जे नाव येतं ते पावतीवरच्या नावाशी जुळतंय का बघा. दर सांगताना कर धरलाय का विचारा: दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, त्यापुढं 18. सगळी गढी एकरकमी घेत असाल तर पावती खोलीवार करून मागा.

आणि दिंडी दरवाज्याचं विचारा. बऱ्याच गढ्यांत रात्री दहाला आतून अडसर लागतो आणि राखणदार बाहेरच्या खोलीत झोपतो. चौदातलं कुणी रात्री आजारी पडलं तर अडसर काढायला कोण येणार, त्याचा नंबर कुठला आणि गाडी दरवाज्यापर्यंत येते की वेशीपाशी ठेवावी लागते, हे पहिल्या संध्याकाळी उजेड असतानाच बघून घ्या.